सात एकांची मूळ संख्या

नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. मी मारेगावात मॅट्रिकच्या वर्गात होते. गणिताच्या मास्तरांनी एकदा फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, आणि ही संख्या मूळ आहे का ते घरून पाहून या म्हणाले. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच पूर्ण भाग जात नाही अशी. हिला तीननं जात नव्हता, सातनं नाही, अकरानंही नाही. दिसायला इतकी साधी आणि वागायला इतकी आडमुठी संख्या मी पाहिली नव्हती.

नेमके त्याच रविवारी महागावहून मला पाहायला पाहुणे आले. लग्नानंतर परीक्षेला बसू देऊ, असं कबूल करणारं ते एकच स्थळ. मला ते हवं होतं, उगाच कशाला लपवू? तरी पाहुणे दारात येईपर्यंत मी माजघरात पाटीवर भागाकारच करत होते. दोनशे तेहतीसनंही भाग जाईना, तेव्हा वैतागून मूळच असणार असं ठरवलं आणि मोकळी झाले.

मी चहा घेऊन गेले. मुलाच्या आईचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं.

"हाताले पांढरं काय लागलं व पोरी? काय करून राह्यली होती?"

"मूळ आहे का पाहून राह्यली होती, मावशी. मूळच आहे."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. माझं काय चुकलं तेच मला कळेना. मूळ नक्षत्रावर जन्मलेली सून सासऱ्याच्या मुळावर येते असं लोक मानत, हे मलाही माहीत होतं. पण डोक्यात तेव्हा नक्षत्र नव्हतंच. बाबा म्हणाले, पोरीचं नक्षत्र रोहिणी आहे, पत्रिका दाखवतो. मी घाईघाईनं सांगितलं की मूळ मी नाही, संख्या आहे, कशानंच भागत नाही. त्यावर मुलाची आई बाबांना म्हणाली की घरात भागत नाही तर आधीच सांगायचं होतं. मी समजवायला जावं आणि ते आणखी बिघडावं, असं चाललं होतं. मुलगा मान खाली घालून बसला होता. अर्धा चहा टाकून ते उठले.

बाबा त्यांना विनवत एसटीपर्यंत गेले. मी माजघरात रडत बसले. रडता रडता, का कुणास ठाऊक, पाटी पुढं ओढली. दोनशे तेहतीसच्या पुढची मूळ संख्या दोनशे एकोणचाळीस. तिनं भागून पाहिलं. बाकी शून्य. पुन्हा भागलं, पुन्हा शून्य.

मी तशीच चुलीपाशी धावले.

"माय, मूळ नाही व ते."

मायनं हातातली भाकर परातीत ठेवली. तिला ना माझी संख्या कळली होती, ना मी काय बोलून बसले ते.

"मंग आहे म्हनून कायले सांगतलं व?"