थोरली, धाकटी आणि आत्या

माझ्या आत्याइतके स्वतःच्या गुडघ्यांशी बोलणारे माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. आणि ते गुडघे अजून दुखतात याला कारण मी आहे, हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

पंच्याऐंशी ओलांडलेली आत्या घाटंजीला आमच्याकडेच राहते. संधिवाताने वाकडे झालेले तिचे गुडघे म्हणजे तिच्या लेखी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन जावा. उजवी थोरली, डावी धाकटी. "ऊठ वं थोरले, धाकटी पाहून राह्यली," अशी समजूत काढल्याशिवाय ती खाटेवरून उतरत नाही. एकीला तेल जास्त लागले, तर दुसरीची क्षमा मागते. आठवडी बाजारात ऑटो भररस्त्यात उभा करून ती फर्मावते, "वांगे इकडं आण रे, मी तुह्याकडं आली त सांज होईन!" बाजार तिच्याकडे येतो. पण गल्लीच्या टोकाच्या विहारात वंदनेला मात्र तिला स्वतःच्या पायांनी जायचे होते. तेवढ्यासाठीच ती ऑपरेशनला तयार झाली होती.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितले, की वयामुळे धोका आहे, पण हृदय चांगले आहे. नीट तपासण्या करून सांधे बदलता येतील. आत्या बाहेर बाकावर कुणा अनोळखी बाईला जावांची भांडणे सांगत होती. मला रजा दिसली, धावपळ दिसली, नंतर तिला रोज धरून चालवणे दिसले. बाहेर येऊन म्हणालो, "या वयात नाही म्हंते डॉक्टर." तिने उलट डॉक्टरांचीच कीव केली. "भेला असन बिचारा. थोरलीचं थोबाडच तसं हाय."

परवा तिची नेरची मैत्रीण स्वतःच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवून भेटायला आली. आत्या मायेने तिला समजावू लागली, "कायले जातं वं? आपल्या वयाले डॉक्टर नाहीच म्हंते. माह्या बाबूनं सोता इचारलं."

"मंग राहूच दे बाई," म्हणत मैत्रिणीने मुलाला कळवायला फोन काढला.

हातातला चहा खाली ठेवून मी आत्याच्या पायाशी बसलो. माझे गुडघे जराही न कुरकुरता वाकले, आणि त्याचीच मला सर्वांत अधिक लाज वाटली. आता डॉक्टर खरेच नाही म्हणतील की काय, कोण जाणे.

"मावशी, तुम्ही जा ऑपरेशनले," मी म्हणालो. "आत्या, डॉक्टरनं नाही नव्हतं म्हटलं. मीच म्हटलं. तू, थोरली, धाकटी, तिघीबी मले माफ करा."