दोन्ही वेळच्या धारा

२००३ सालच्या मार्चमधला एक शनिवार. रक्कम साडेबाराशे रुपये, अजून न दिलेली. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर होतो मी, माझी पत्नी सुनंदा, दुकानदार आणि आमच्या शेजारचे आण्णा. आण्णांनी टेबलावर ठेवलेल्या आमच्या सीपीयूच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "धार कवा काढायची?"

आण्णा म्हशींचे जाणकार. शिलाई मशीन असो की स्कूटर, गल्लीत कुणालाही काही घ्यायचं असलं की लोक त्यांना बरोबर नेत. सगळ्या खरेदीला त्यांचा नियम म्हशीचाच. विकणाऱ्याच्या गोठ्यात बसून सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही धारा आपण काढायच्या, मग पैसे. "सकाळी समद्याच म्हशी दूध देत्यात," ते म्हणत. "आदल्या दिसाची धार तुंबवल्याली असती. खरं काय त्ये सांजच्याला कळतंय."

कॉम्प्युटर १९९९ साली घेतलेला, मेमरी चौसष्ट एमबी. त्यावर सुनंदा विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची. त्या महिन्यात एका बाईंचा नकाशांनी भरलेला प्रबंध आला. दहा दिवसांत विद्यापीठात द्यायचा होता, आणि एक नकाशा उघडेपर्यंत चहा करून, पिऊन व्हायचा. काम परत गेलं असतं तर त्यामागून येणारी कामंही गेली असती. नवा कॉम्प्युटर चोवीस हजारांचा, तेवढे आमच्याकडे नव्हते. मेमरीची एकशे अठ्ठावीसची जादा पट्टी साडेबाराशेला होती. पण तिनं भागेल का, ते कुणी छातीठोक सांगेना.

"आण्णा, पट्टी ट्रायलला घरी देत नाही आम्ही," दुकानदार म्हणाला.

"मग आमचं जनावर तुमच्या गोठ्यात आणलंय त्ये कशापायी?"

पट्टी बसवली. नकाशे झरझर उघडले. दुकानदारानं पावतीपुस्तक काढलं, ते आण्णांनी बाजूला सारलं. "आत्ता न्हाय. पाचला येतो."

पाचला आलो. अर्ध्या तासात पडदा गोठला. बंद करून सुरू केला, पुन्हा गोठला.

आण्णा उठले. "संपलं. जनावर म्हातारं झालंय. सायेब, कर्ज काढा आन् नवं घ्या." त्यांच्या शब्दापुढे गल्लीत कुणी जात नसे. मीही मनात कर्जाचे हप्ते पाडायला लागलो होतो.

सुनंदा खुर्चीतून हलली नाही. "आण्णा, म्हैस कालपर्यंत हळू चालत होती, पण खाली बसत नव्हती. आज नवी वैरण घातली आणि बसली. दोष कुणाचा?"

आण्णा परत टेबलाशी आले. मग दुकानदाराकडे वळले. "काय हो पावणं, वैरण नासकी हाय व्हय?"

सुनंदानं नवी पट्टी काढायला लावली. जुन्या मेमरीवर यंत्र रखडलं, पण गोठलं नाही. दुकानदारानं दुसरी पट्टी लावली. रविवारी पुन्हा दोन्ही वेळा आम्ही तिथं. संध्याकाळी सातपर्यंत सुनंदानं नकाशे उघडले, मिटले, छापले. काही अडलं नाही. तेव्हा कुठं आण्णांनी मला खिशात हात घालू दिला. प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला, आणि तो कॉम्प्युटर पुढं चार वर्षं चालला.

आण्णांना तेवढी वर्षं मिळाली नाहीत. त्यांची शेवटची मोठी खरेदी मला आठवते ती त्याच उन्हाळ्यातली. दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, कानाचं यंत्र घ्यायचंय. तुमी चला की संगं. म्या गप बसतो."

आणि खरंच गप बसले. सुनंदानं दोन यंत्रं त्यांच्या कानाला लावून पाहिली, दोन्ही वेळा त्यांना बाहेर रिक्षांच्या गोंगाटात उभं केलं आणि तिथं काय ऐकू येतंय ते विचारलं. मग स्वस्तातलं निवडलं. विक्रेत्यानं चार हजार दोनशे सांगितले. मी आण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. सांगितलेल्या भावात त्यांनी काही घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी, बराबर हाय?"

"बरोबर आहे, आण्णा."

त्यांनी कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या आणि विक्रेत्याला पुरे चार हजार दोनशे दिले.