डोंगर शारजाचा, जंगल जर्मनीचं

‘उत्तर उतारावर बीच वृक्षांचं दाट जंगल असल्यामुळे माती धरून राहते.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. बीच हा थंड युरोपातला वृक्ष. रिपोर्ट शारजाच्या आतल्या भागातल्या एका बुटक्या चुनखडीच्या डोंगराचा होता. तिथे चार बाभळी आहेत, त्याही बकऱ्यांनी ओरबाडलेल्या.

मी जिऑलॉजिस्ट. ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. त्या डोंगरमाथ्यावर एका रिसॉर्टची पाण्याची मोठी टाकी बसणार होती, आणि बरोबर खाली कामगारांच्या केबिन होत्या. रिपोर्ट एका जर्मन सल्लागाराचा. हा गृहस्थ साइटवर एकदाच आला, गाडीतूनच डोंगर पाहिला आणि ‘लो हिल, नो प्रॉब्लेम’ म्हणाला.

मी त्याचे जुने रिपोर्ट शोधले. एक सापडला, जर्मनीतल्या त्याच्या गावाकडच्या बुटक्या डोंगराचा. तोही चुनखडीचाच. माथा सपाट, उत्तरेला जंगल, पायथ्याला झरे आणि दोन खेडी. परिच्छेदच्या परिच्छेद उचललेले. झरे पुसले होते, जंगल पुसायचं राहिलं.

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि आत पोकळ्या होतात. गावच्या डोंगरातल्या पोकळ्यांवर त्याने नकाशासकट एक पान लिहिलं होतं. दोन्ही डोंगरांना लागू पडेल असं तेवढं एकच पान, आणि साहेबांनी नेमकं तेच गाळलं होतं.

माझे बॉस कुलकर्णी मुंबईचे. ते म्हणाले, क्लायंटला जर्मन नाव हवंय, टायपिंगच्या चुका तू दुरुस्त करून टाक. अख्खं जंगल त्यांना टायपिंगची चूक वाटली. आत काय आहे ते पाहायला मी माथ्यावर एक बोअर मारायची परवानगी मागितली. फार कटकट केल्यावर मिळाली.

ड्रिलिंगला मंडणगडचे सुलेमानभाई होते. ड्रिल करताना दांड्यातून पाणी सोडतात, ते दगडाचा चुरा घेऊन वर येतं. नऊ मीटरवर पाणी वर यायचं थांबलं. मग दांडा आपोआप दोन मीटर खाली गेला. सुलेमानभाईंनी मशीन बंद केलं आणि खाली केबिनकडे पाहिलं. त्यांची खाट तिथेच होती. भरलेल्या टाकीच्या ओझ्याने माथा खचला असता, तर सगळं पाणी त्यांच्यावर.

“मॅडम, आत पोकळ आहे,” ते म्हणाले. “हे तुम्ही इंग्रजीत लिहा. आमचं कोण ऐकतंय?”

क्लायंटबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर मी सल्लागाराला एवढंच विचारलं, “जंगल डोंगराच्या कुठल्या भागात आहे?”

तो बराच वेळ कागद चाळत राहिला. मग म्हणाला, चुनखडी जगभर सारखीच असते.

“मग पोकळ्यांचं पान का काढलं?”

क्लायंटच्या अरब इंजिनिअरने फाइल मिटली आणि हळूच म्हणाला, “खलास.”

टाकी डोंगरापासून लांब, सपाटीवर गेली. नव्या रिपोर्टच्या कव्हरवर नाव मात्र जर्मन साहेबांचंच आहे. माझा बोअर शेवटच्या पुरवणीत. सुलेमानभाई कुठेच नाहीत.

तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की लिहिणाऱ्याच्या डिग्र्या मी नंतर वाचते. आधी विचारते, वर चढला होतात का? बहुतेकांना तेवढ्यानेच धाप लागते.