गणंग

सकाळी ओट्याशी उभी राहून मी मटकीचं ओलं फडकं सोडलं. रात्रभर उबेला राहिलेल्या मटकीला छान लांब मोड आले होते. हे बाहेर पेपर मोठ्यानं वाचत होते. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर पाणी असावं, म्हणजे जीवही असू शकेल, अशी बातमी होती.

"पाणी मिळालं म्हणून मोड येतातच असं नाही," सासूबाई म्हणाल्या. मटकी परातीत पसरून त्या गणंग वेचत होत्या. गणंग म्हणजे भिजूनही टणकच राहिलेले, दाताखाली आले की कळ आणणारे दाणे.

त्यांच्या बोटांकडे बघता बघता मला ती परात आभाळासारखी दिसू लागली. पाणी तेच, ऊब तीच, तरी एखादा दाणा गप्पच. वरही असे किती गोळे अंधारात पडून असतील! कुणाला मोड आलाय, हे इतक्या लांबून कसं कळावं? दुरून आपली पृथ्वीसुद्धा टणक ठिपकाच. तिकडे कुणीतरी आभाळ असंच पुढ्यात घेऊन बसलं असेल, आपल्यावरून बोट फिरवून म्हणालं असेल, हा गणंग.

वेचलेले दाणे मी केरात टाकायला निघाले.

"अगं, तिथे नको. कुंडीत टाक," सासूबाई म्हणाल्या. "एखाद्याला वेळ लागतो."

खिडकीतल्या कुंडीत दाणे टाकून मी वर माती सारली. मग उगाचच वर पाहिलं. लख्ख ऊन होतं, एकही तारा दिसत नव्हता. तिकडच्या त्या घरातही एक सासूबाई असू देत, एवढंच मनात आलं.