जवसाचे तेल आणि उजवी नळी

उमरेडहून सकाळची एसटी सुटली, तेव्हा भाऊजींच्या दोन गुडघ्यांमध्ये गोणपाटात गुंडाळलेली दुनळी बंदूक उभी होती. परवान्याचे पुस्तक त्यांच्या आतल्या खिशात होते. पुण्याहून आलेल्या मला हे दृश्य नवीन होते. बसमधल्या इतर कोणी मानही वळवली नाही. रानडुकरांपासून पीक राखायला इथल्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. कंडक्टरने मात्र तिकीट फाडता फाडता विचारले, "काय मारलं गा भाऊ?"

"डुक्कर वाचलं. इज्जत मेली," भाऊजी म्हणाले.

इज्जत गेली त्या वेळी मी दहा पावलांवर उभा होतो. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास हरभऱ्यात डुकरांचा कळप शिरला. भाऊजींनी बंदूक खांद्याला लावून पुढचा खटका ओढला. तो उजव्या नळीचा. नुसता 'टक' असा आवाज आला. मग त्यांनी मागचा खटका ओढला, डाव्या नळीतून बार निघाला, पण तोवर कळप नाल्यापलीकडे गेला होता. पिन आळसावली, असे निदान त्यांनी तिथेच केले. काडतुसाच्या बुडावर आपटून बार काढते ती ही पिन.

निघताना शांताताईने (माझी चुलत बहीण, भाऊजींची बायको) बजावले होते, "पिन दुरुस्त कराच. पण बंदूक पुसाचं सामानबी आणा. काहून माह्याच लुगड्याचे काठ फाडून राहिले तुमी?"

सामान मी भेट म्हणून घेऊन द्यायचे ठरवले. भाऊजींना तो वायफळ खर्च वाटला.

नागपुरात उतरल्यावर आधी पोहे खाल्ले. त्यावर तर्री (हरभऱ्याचा तिखट लाल रस्सा) ओतलेली होती. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. भाऊजींनी माझ्या बशीतली उरलेली तर्री स्वतःच्या बशीत ओतून घेतली.

सीताबर्डीवरच्या बंदुकीच्या दुकानात मालकाने पहिला प्रश्न केला, "रायफल की दुनळी?" रायफलीच्या नळीत आतून पीळदार चर असतात, त्यात बरोबर त्याच मापाचा तारेचा ब्रश लागतो, मोठा घातला तर अडकतो. दुनळीची नळी आतून सपाट असते, तिला साधे सामान पुरते. एवढे सांगून त्याने मखमली खणांची परदेशी पेटी उघडली. किंमत ऐकून भाऊजींनी पेटीचे झाकण स्वतःच्या हाताने लावले.

मालक हसला. म्हणाला, "मग कामठीले जा. रामटेके मिस्तरी आहेत. पलटणीतून निवृत्त झाले. पिनबी करतील, सामानबी देतील."

कामठीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साळेबुवा, घरी बांबूची काडी आहे, चिंधी आहे, तेल आहे. आणखीन काय पाहिजे बंदुकीले?"

रामटेके मिस्तरींचे दुकान म्हणजे घराचा ओटा. बुटके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी परवाना पाहिला, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळ्या दस्त्यापासून सोडवून गोणपाटावर ठेवल्या आणि मागचा भाग उघडला. पिनेवर तपकिरी, चकचकीत थर होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि वास घेतला.

"हे काय लावलं?"

"जवसाचं तेल. घरचं, घाणीचं."

"भाऊ, जवसाचं तेल भाजीत टाकाचं. वाळलं का त्याचं रोगण होते. सुतार दाराले लावते ते."

रॉकेलमध्ये बुडवून पिन मोकळी झाली. मिस्तरींनी दोन-तीनदा खटका दाबून दाखवला. खणखणीत आवाज आला. भाऊजी खूश झाले आणि उठून नळ्या उचलू लागले. दुरुस्ती संपली होती. चारची एसटी मिळणार होती.

मी पुसायच्या सामानाची आठवण दिली.

"राहू द्या न साळेबुवा!"

पण मिस्तरींनी फडताळातून वस्तू काढल्या होत्या. पितळी सांध्यांची तीन तुकड्यांची लाकडी काठी, मशीनच्या तेलाची कुपी, आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फास असलेली दोरी. "पलटणीत हेच वापरते. सगळ्यात स्वस्त," असे म्हणत त्यांनी डाव्या नळीत वजन सोडले. ते खळकन दुसऱ्या तोंडातून बाहेर पडले. मग उजव्या नळीत सोडले.

ते बाहेर आले नाही.

मिस्तरींनी नळ्या आभाळाकडे धरून आत पाहिले आणि माझ्या हातात दिल्या. डावीत उजेडाचे गोल वर्तुळ होते. उजवीत काहीच नव्हते. अर्ध्यावर अंधार होता.

मिस्तरींनी लाकडी काठी जोडली, आत घातली आणि तळव्याने ठोकली. सहाव्या ठोक्याला एक गोळा ओट्यावर पडला. लाकडासारखा कडक. त्याच्या कडेला हिरवा काठ दिसत होता.

खंडेनवमीला पूजेसाठी भाऊजींनी बंदूक साफ केली होती. बांबूची काडी बाहेर आली ती चिंधीशिवाय. चिंधी कुठेतरी पडली असेल, असे त्यांनी धरले. पाहुणे दारात होते. बंदुकीला हळदकुंकू वाहिले गेले. पूजा झालेली बंदूक पुन्हा उघडून कोणी पाहिली नाही; त्यानंतर काडतुसे भरली ती थेट काल, तीही अंधुक उजेडात.

"काल कोणता बार नाही उडाला?" मिस्तरींनी विचारले.

"उजवा," भाऊजी म्हणाले.

"उडाला असता तर नळी फाटली असती. नळीखालचा डावा हात गेला असता. तोंडबी." ते थांबले. "त्याच तेलानं बोळा अडकवला न् त्याच तेलानं पिन धरली. म्हणून बसून आहे तुमी इथं."

भाऊजी ओट्यावर बसले. त्यांनी डावा हात उजव्या हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मघाशी पिन मोकळी झाल्यावर आम्ही उठलो असतो, तर आज संध्याकाळी ते त्याच बांधावर उभे राहिले असते. मीही असतो.

काठी, कुपी आणि पुलथ्रू घेतले. भाऊजींनी घासाघीस केली नाही. उमरेडला घरी पोचल्यावर त्यांनी बोळा ताईच्या पुढ्यात ठेवला आणि काय झाले ते तीन वाक्यांत सांगितले. ताईने तो उलटसुलट करून पाहिला.

"माह्या हिरव्या लुगड्याचा आहे. मीच फाडून देल्ला होता," एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी शेतावर कोणी गेले नाही. भाजी जवसाच्या तेलातच झाली. पण माझ्याने फारशी खाववली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना खुंटीवरच्या बंदुकीकडे लक्ष गेले. तिच्या शेजारी असायची ती जवसाच्या तेलाची बाटली नव्हती. फळीवर पांढऱ्या धोतराचे चौकोनी तुकडे रचलेले होते, सगळे एका मापाचे. मिस्तरींनी नमुना म्हणून दिलेला तुकडा सर्वांत वर होता. ताईने मोजून सांगितले, "बारा आहेत. पुसून झालं का बाराच्या बारा परत मोजून घेईन मी."

बोळा मी मागून घेतला होता. पुण्याला पोचल्यावर तो गरम पाण्यात टाकून पाहिला. सुटला नाही. आता तो माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. काल एकाने उचलून विचारले, हे कसले लाकूड?