रकाना मोकळा ठेवायचा नाही

आमच्या मामेसासऱ्यांच्या लेखी कोणतीही बाई, ती गरोदर होती की नव्हती हे लिहिल्याशिवाय मरूच शकत नाही. साक्षात यम रेड्यावरून उतरला तरी मामा त्याला म्हणतील, "वाईच थांबा, त्यो रकाना भरू द्या." वडूजकडच्या एका सरकारी दवाखान्यात ते कारकून आहेत. मरणाच्या कारणाचा फॉर्म डॉक्टर भरतात, पण तो तपासून पुढे धाडणं मामांकडे. बाई गेली असेल तर त्यात गर्भारपणाचा एक रकाना असतो, तो बहुतेक डॉक्टर सोडून देतात आणि मामा फॉर्म घेऊन परत त्यांच्यापुढे उभे. एका डॉक्टरांनी तर मामांची चप्पल वाजली की मागच्या दाराने चहाला जायचं सुरू केलं होतं.

बरं, वयाचा काही मुलाहिजा? नाव नको! त्यांची स्वतःची आई ब्याण्णवाव्या वर्षी त्याच दवाखान्यात गेली. मी आणि बायको सांगलीहून धावत पोचलो, तर हे गृहस्थ डोळे पुसत डॉक्टरांना सांगताहेत, "सायेब, न्हाई म्हणून खूण करा."

"अहो मामा, ब्याण्णव वर्षं!"

"मग सोपं हाय की. करा."

बायकोने तोंडात पदर कोंबला. ती रडत होती की हसत होती, मला अजून कळलेलं नाही. मामी तर म्हणतात, "ह्यांच्यासंगं दुखवट्याला जायाचं म्हंजे लाज वाटती बगा." कारण तिथेही हे हळूच कुणाला तरी कोपऱ्यात घेऊन तेच विचारतात.

एकदा मी चिडून विचारलंच, काय मिळतं हो तुम्हाला यातून? मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, रकाना मोकळा ग्येला की वर वाटतं, हितं पोटुशी बाई मरतच न्हाई. मग हितं डॉक्टरीण कशाला द्येतील?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी आणखीच चिडलो.

गेल्या वर्षी औंधच्या बाजूची एक पोर गेली. बावीस वर्षांची, नवरा फौजेत. कावीळ झालेली, दवाखान्यात आणल्यावर तासाभरात संपली. रकाना मोकळा. घरचे सगळे म्हणाले, "तसलं काय न्हाई." पण आपल्याकडची रीत मामांना ठाऊक. तीन महिने उलटल्याशिवाय कुणी बोलत नाही, दृष्ट लागते म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या घरी तीन खेपा घातल्या. मी तेव्हा कामासाठी महिनाभर मामांकडेच मुक्कामाला होतो; तिसरीला गाडीवरून मीच नेलं, वाटभर त्यांना शिव्या घालत. नवरा अजून प्रवासातच होता.

आम्हाला बघून त्या पोरीची सासू उठून आत निघाली, मग उंबऱ्यातच बसली. "दोन म्हयनं झालं व्हतं," ती म्हणाली. "त्यो रजंवर आला की सांगणार व्हती त्येला. आता तुमी लिवलं तर माज्या पोरानं दोन मरणं सोसायची व्हय, भाऊ?"

मामा तिच्यासमोर जमिनीवरच टेकले. म्हणाले, "वैनी, न्हाई लिवलं तर ती नुसती काविळीनं ग्येली आसं हुईल. फुडच्या पोटुश्या पोरीकडं कोण बगंल?"

तिने पदराने तोंड झाकलं. "लिवा. पर त्येला मी सांगणार. तुमी न्हाई."

पंधरा दिवसांनी तो जवान दवाखान्यात आला. मी मामांच्या टेबलाशीच बसलो होतो. "आईनं सांगितलं," तो म्हणाला. "तुमी लिवलंय म्हणं. बगू?"

तो कागद कुणालाही दाखवत नाहीत. एका पुढाऱ्यालाही मामांनी त्यासाठी उभ्या उभ्या परत धाडलं होतं. त्या दिवशी ते उठले, दार लोटलं आणि फाईलमधली प्रत त्याच्यापुढे धरली. त्याने आजाराचं काही वाचलं नाही. त्या खुणेवर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"माजं प्वार कुठंतरी लिवलंय म्हणायचं."

"व्हय रं गड्या," मामा म्हणाले.

तो गेल्यावर मामा फाईल बांधायला लागले. नाडीला गाठ काही बसेना. शेवटी ती मी बांधली.