पोतं भरलेलं दिसलं पाहिजे

“परत एकदा उचला,” मॅडम म्हणाल्या. “आणि पदर डोक्यावर घ्या. बरं दिसतं.”

मी पोतं खाली ठेवलं. पदर घेतला. पोतं परत उचललं. मॅडमनी मोबाइल धरला व्हता. फाटकाला टेकून कॉलनीतल्या आणखी दोघी उभ्या. हसू दाबून राह्यल्या व्हत्या.

“थोडं हसा ना. रडका चेहरा नको.”

मी हसले. चार वेळा पोतं उचललं आन् चारी वेळा हसले. त्या हसण्याची मला आजबी शिसारी येती.

हे जालन्यातलं. आम्ही मूळचे राजूरकडचे. शेतकरी घर. वाटण्या झाल्या, वाट्याला आलेल्या तुकड्यात भागंना, म्हणून जालन्याला आल्तो. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमधी ठेकेदाराकडं. बोलावलं तर काम, न्हाई तर घरी. कॉलनीच्या मागं आमची एक खोली.

कॉलनीत रविवार झाला की सोमवारी सकाळी फाटकाबाहेर ढीग. थंड्याचे कॅन, बियरचे कॅन, तेलाचे डबे. एक दिवस मी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मॅडमला इचारलं, “हे घेऊ का?” त्या म्हणाल्या, “घ्या ना, आमची अडगळ जाईल.” तिथून सुरुवात. मंग बाकीची घरंबी माझ्यासाठी ठेवायला लागली. मी घरी आणून धुवायची. पायाखाली चेपायची. पत्र्यानं बोटं कापायची. भंगारवाला ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतो, भाव बरा देतो. त्यात भाजी निघायची, पोरीच्या वह्या निघायच्या. गावाकडं कुणाला कळू दिलं नव्हतं.

मॅडम मला मावशी म्हणायच्या. मी चौतीसची, त्या पन्नाशीच्या.

हळूहळू वाढत गेलं. “आलाच आहात तर पायऱ्या झाडून जा.” “तेवढ्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवा.” “नालीत काहीतरी अडकलंय, हात घालून बघता का?” मी घालायची. त्यांचे मिस्टर नवऱ्याच्या मिलमधी मोठे साहेब. ते एक शब्द बोलले की ठेकेदार नवऱ्याला बोलावणं बंद करणार. मॅडमला ठाऊक व्हतं. मलाबी ठाऊक व्हतं. दोघी त्यावर कधी बोललो न्हाई.

तो व्हिडिओ मॅडमनी कसल्यातरी स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी काढल्ता. खाली लिहिलं, आमच्या कॉलनीने दिला गरीब महिलेला आधार. आधार! त्यांनी फेकलेलं मी उचलत व्हते.

तिसऱ्या दिवशी तो राजूरला पोचला. तिथं माझ्या थोरल्या दिराचं प्रसादाचं दुकान हाय, देवळाच्या रस्त्यावर. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमच्यात थोरला दीर भावजयीशी सरळ बोलत न्हाई. त्या दिवशी दादा नवऱ्याला फोनवर म्हणले, “दे तिला फोन.” पहिल्यांदाच.

“आपल्या घरातली बाई उकिरडा वेचती? हे काम करायला दुसरे लोक हायेत.”

फोन बंद झाला. दुसरे लोक, तेवढं कानात राह्यलं.

दुसरे लोक म्हणजे कोण, मला बराबर ठाऊक व्हतं. गावात आमच्याकडं गयाबाई यायची. गावाबाहेरच्या वस्तीतली. पाठीवर पोतं. फुटकी बादली, गंजलेला पत्रा, जे मिळल ते न्यायची. उन्हाची अंगणात उभी राहून म्हणायची, “वहिनी, पाणी घाला.” ती ओंजळ धरायची आन् मी वरून तांब्या वतायची. सासूला मला सांगावं लागलं नव्हतं. माहेराहूनच शिकून आल्ते. एकदा तिचा पदर माझ्या पायाला लागला तर मी म्हणले, “सरक लांब.” माझ्या आईच्या वयाची बाई. ती सरकली.

आन् मॅडम मला पाणी द्यायच्या ते फाटकाबाहेर, प्लास्टिकच्या बाटलीत. “बाटली राहू द्या तुम्हालाच,” म्हणायच्या. मला इतके दिवस ती माया वाटली व्हती.

त्या दिवशी मी खोलीच्या दारात बसून रडले. आधी सोतासाठी. मंग रडू थांबलं आन् लाज वाटली. व्हिडिओची नव्हं. दादाला राग ह्याचा, की मी खालच्या पायरीवर जाऊन बसले. ती पायरी कुणी बांधली, हे कुणी इचारत नव्हतं. मीबी कधी इचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचं बोलावणं आलं. स्पर्धेचे लोक बघायला येणार. माझा सत्कार. शाल, नारळ. “साडी जुनीच नेसा,” म्हणाल्या.

नवरा म्हणला, “जा. दोन मिन्टाचं काम हाय.”

मी दिवाळीची साडी नेसून गेले. मॅडमनी वरपासून खालपर्यंत पाह्यलं. मंग पोत्याकडं पाह्यलं. “एवढंच? पोतं भरलेलं दिसलं पाहिजे.”

आतून थंड्याचं आख्खं खोकं आणलं. एकेक कॅन फोडला आन् नळाखाली वतून दिला. नारंगी पाणी फेसाळत नालीत गेलं. माझ्या पोरीनं तसला भरलेला कॅन कधी हातात धरला न्हाई. तिला रिकामे तेवढे ठाऊक. मॅडमनी ते सगळे पोत्यात टाकले. पोतं फुगलं.

“हं, उचला आता.”

“न्हाई उचलणार.”

“अहो, लोक आलेत! असं काय करता?”

“आधी माझा तो व्हिडिओ काढून टाका.”

“त्याला किती लाईक आलेत, कल्पना आहे का? तुमचंच नाव होतंय.”

“माझं नाव काय हाय, मॅडम?”

त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या बाकीच्या दोघींकडं पाह्यलं. त्यांनाबी ठाऊक नव्हतं. मंग मॅडमचा आवाज बारीक झाला. “तुमचे मिस्टर आमच्याच मिलमध्ये आहेत ना?”

इतके दिवस न बोललेलं शेवटी त्या बोलल्या. खरं सांगते, एक क्षण वाटलं, उचलावं. मिन्टाचं काम. माझा हात पोत्याकडं गेल्ता.

तो मी माघारी घेतला. “हायेत,” म्हणले. आन् फाटकातून बाहेर पडले.

सोमवारी ठेकेदारानं नवऱ्याला दारातूनच माघारी धाडलं. कॉलनीनं मला फाटकं बंद केली. कॅन आता घंटागाडीत टाकतात. नवरा रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. घरी आला की एकच वाक्य बोलतो, “तुझ्या त्वांडामुळं.” मी दुसऱ्या गल्ल्या धरल्या. तिथं आधीपासून वेचणाऱ्या बाया हायेत, त्यांच्या वाट्याचं मी घेत न्हाई. उरतं ते थोडंच.

परवा नवऱ्याला दादाचा फोन आल्ता. “गावाला या. दोन टाईम खायला मिळल. पण तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. आन् आधी माफी.”

नवरा लगेच तयार झाला. गाठोडी बांधायचं बोलायला लागला. मी त्याच्या हातातला फोन घेतला.

“दादा, येते. चतुर्थीला येते.”

“बरं झालं, अक्कल आली.”

“देवळापुढं चतुर्थीला लई कॅन, लई बाटल्या पडत्यात. त्या वेचायला येते. तुमच्या दुकानापासून सुरुवात करीन. दिवसाढवळ्या. गयाबाई असली तर आधी तिला इचारीन, मंग तिच्या शेजारी बसून वेचीन.”

दादांनी फोन कापला.

नवरा म्हणला, “गेलीस तर ह्या खोलीत परत यायचं न्हाई.”

खोली त्याच्या नावावर हाय. परत कुठं यायचं, पोरीला कुठं ठेवायचं, मला ठाऊक न्हाई. उद्या चतुर्थी. पहिली गाडी सकाळी निघती. मी जाणार हाय.